फेस पाहिजे, नशा नको

आमचे घरमालक घरी बिअर करायचे. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस डोळे बारीक करून हसतो, म्हणून पुढचं वाक्य मी घाईनं जोडते: बौद्ध दीक्षा घेतल्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी जाणूनबुजून दारूचा एक थेंब तोंडात घेतला नाही. मग समोरचा गोंधळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या दोन्हींच्या मध्ये मी साडेतीन वर्षं भाड्यानं राहत होते.

गाव नांदुरा. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. जागोजाग हायस्कुलं निघत होती आणि सायन्स शिकवायला माणसं मिळत नव्हती, म्हणून अमरावतीहून बी.एस्सी. झालेली मी, बाई असूनही, चालून गेले. नोकरी एका दिवसात मिळाली. खोली मात्र मिळेना. एकटी बाई म्हटल्यावर लोक चहा देत, बसायला पाट देत, खोली देत नसत. चौथ्या दिवशी शाळेच्या शिपायानं मला स्टेशनच्या अंगाला, बौद्धपुऱ्याच्या टोकाशी असलेल्या एका धाब्याच्या घरापुढे नेऊन उभं केलं. अंगणात खाकी अर्धी विजार घातलेला, ताठ पाठीचा, पन्नाशीचा माणूस बुटांना पॉलिश करत होता. गाव त्यांना हवालदार म्हणायचं. लढाईच्या काळात पलटणीत भरती झाले, बर्मा पाहून आले आणि पेन्शन घेऊन गावी परतले. बूट घालून जायला आता कुठंच नव्हतं, तरी पॉलिश रोज व्हायचं.

"बाई, दोनच सवाल," ते म्हणाले. "सकायी किती वाजता उठता?"

"साडेपाचला."

"लेट हाय, पन चालते. घोरता का?"

"ते मला कसं कळणार?" मी म्हटलं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "बराबर. दुसरं कोनी असतं तं नाही म्हनलं असतं. खोली तुमची."

घरून वडिलांचं पत्र आलं, कोणाकडे राहतेस, घर कसल्या लोकांचं आहे? मी उत्तर पाठवलं, 'मिलिटरीवाल्याचं.' वडील खूश झाले. पुढं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हवालदारांच्या घरात सगळं पलटणीसारखं चालायचं. निदान ते चालवू पाहायचे. कोंबड्यांना ते 'कंपनी' म्हणायचे. सकाळी दाणे टाकताना "कंपनी, हॉल्ट!" असा हुकूम सुटायचा आणि कंपनी चहूकडे पांगायची. "रंगरूट हायेत," असं म्हणून ते दाणे टाकायचे. त्यांची बायको, जिला मी मावशी म्हणत असे, ती चुलीपाशी बसून हे सगळं कपाळाला हात न लावता बघायची. तिचा हात कपाळापर्यंत जायचा आणि मग पदर सावरून खाली यायचा. तीस वर्षांच्या संसारानं एवढं तिला शिकवलं होतं.

आता बिअरबद्दल. पलटणीत असताना हवालदारांची ड्यूटी काही महिने गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये लागली होती. तिथं त्यांनी बर्फात घातलेली बाटली पाहिली, ग्लासात वर चढणारा पांढरा फेस पाहिला, आणि पुढं ती चाखलीही. गावी आल्यावर दीक्षा झाली. नागपूरहून परतले ते पाच शीलं पाठ करूनच. पाचवं शील, नशा आणणारं काही न पिण्याचं, त्यांनी सगळ्यात जास्त मनावर घेतलं. पुऱ्यातल्या हातभट्टीची मडकी त्यांनी स्वतः फोडली. पिणाऱ्याच्या दारात जाऊन सावधान उभे राहत, तो लाजून आत जाईपर्यंत हलत नसत. दोन वर्षांत पुरा कोरडा झाला. आयाबाया त्यांना वाटेत थांबवून नमस्कार करायच्या.

पण नांदुऱ्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच पुढचं समजेल. पाऊस लांबला की जुलैतही दुपारी बाज तापते, पाण्याचा तांब्या तापतो, माणसाचं डोकं तापतं. अशाच एका दुपारी हवालदार मला म्हणाले, "बाई, नशा मले कधीच नव्हती पायजे. मले थो फेस पायजे. नाकाले लागते ना, थो."

त्यावर त्यांचा इलाजही तयार होता. कुठल्याशा कॅम्पात एका साहेबाची मड्डम अद्रकाची बिअर घरीच करायची आणि ती तिची लेकरंही प्यायची. लेकरं पितात म्हणजे त्यात नशा नसणार. नशा येते ती सडलेल्या गुळामुळं, घाणेरड्या मडक्यामुळं. आपण सगळं साफ ठेवलं, तर फेस येईल आणि नशा येणार नाही. आणि मड्डम जे जव वापरून करायची ते आपण ज्वारीनं करू, कारण ज्वारी आपली आहे.

मी नववीच्या वर्गाला त्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं होतं की साखर आणि खमीर एकत्र ठेवलं की काय तयार होतं. जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं. खोली मिळून महिनाच झाला होता. म्हातारा उत्साहात आहे, करू दे, दोन दिवसांत विसरेल, असं मी स्वतःला सांगितलं.

ते विसरले नाहीत. त्यांनी प्रत्येक खेपेला 'पलटण' असं नाव दिलं आणि नंबर घातला. पहिली पलटण घरच्या विहिरीच्या पाण्यात झाली. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारं, त्यात साबणाचाही फेस होत नाही. ज्वारीला मोड आणले, वाळवले, भाजले, कुटले, गुळाबरोबर उकळले, अद्रक घातलं, कडवटपणासाठी काडेचिराईत घातलं. आठ दिवसांनी हवालदारांनी मांजरपाटातून गाळून पहिला पेला मावशीच्या हातात दिला. तिनं घोट घेतला, थोडा विचार केला.

"अवो," ती म्हणाली, "यात मूठभर डाय टाकली तं वरन होईन."

"पानी खारं हाय," हवालदार म्हणाले. "हे हारनं नोहे. हे मांग सरून नवी जागा धरनं होय."

नवी जागा म्हणजे स्टेशनचा नळ. स्टेशनमास्तर ओळखीचे होते. हवालदार सायकलला दोन्ही बाजूंना डबे लटकवून गोडं पाणी आणू लागले. वाटेतल्या फाट्यावरून येताना सायकल डोलायची, पण ते उतरत नसत, कारण पलटणीत सायकलवरून उतरायचा हुकूम मिळाल्याशिवाय उतरत नाहीत म्हणे. दुसरी पलटण फाट्यावरच सांडली.

तिसरीला खमीर आणलं खामगावच्या पाववाल्याकडून. किती घालायचं हे हवालदारांनी विचारलं नाही. पावाच्या एका घाण्याला लागतं तेवढं सगळं त्यांनी एका हंड्यात घातलं. मावशीनं सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं तर फेस चुलीपर्यंत येऊन थांबला होता. "फेस पायजे होता ना?" तिनं बाहेर येऊन विचारलं. हवालदारांनी आत डोकावून पाहिलं, आणि त्या फेसाला, देवाशपथ, सॅल्यूट केला.

चौथ्या पलटणीच्या वेळी बाटल्या भरून झाल्यावर त्या थंड जागी ठेवायच्या ठरल्या. घरात सगळ्यात थंड जागा माझी खोली, आणि खोलीत सगळ्यात थंड जागा माझ्या पलंगाखाली. मी परवानगी दिली. रविवारची दुपार होती. मी पलंगावर पाय खाली सोडून सहामाहीचे पेपर तपासत होते. खालून 'फट्' असा आवाज झाला आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला गार काहीतरी लागलं. मी वाकून बघणार तेवढ्यात दुसरी फुटली, मग तिसरी.

"लेट जा, बाई! लेट जा!" हवालदार अंगणातून ओरडले आणि कोपरांवर सरपटत खोलीत आले. मी पलंगावरच पालथी झाले. बाटल्या सुटल्या त्या सुटल्याच. हवालदार उंबऱ्यात लोळून डोकं हातांनी झाकून, प्रत्येक आवाज कोणत्या कोपऱ्यातून आला ते मला सांगत होते. बाहेर पुऱ्यातली माणसं गोळीबार झाला म्हणून जमली. शांत झाल्यावर हवालदार उठले, काचा पाहिल्या, भिंतीवरचे ओघळ पाहिले. त्यांचा चेहरा उजळला.

"ताकद पाह्यली का, बाई?"

माझ्या निम्म्या वर्गाचे पेपर अद्रकाच्या वासाचे झाले होते. हेडमास्तरांना मी सांगितलं की छत गळलं. पाऊस जाऊन महिना झाला होता.

हे सगळं राजरोस चालायचं, हे मला विशेष सांगावंसं वाटतं. दारूबंदीचा कायदा तेव्हा कडक होता. पण हवालदारांच्या लेखी यात दारू नव्हतीच, त्यामुळं लपवायचं काही नव्हतं. बाटल्या धुऊन ते अंगणाच्या कुंपणावर उन्हात उपड्या घालत, अगदी रस्त्यावरून दिसतील अशा.

सातव्या पलटणीला बिअर जमली. खरोखर जमली. रंग गुळासारखा, वर दोन बोटं फेस, कडवट, गार, नाकाला झोंबणारी. त्या दिवशी हवालदारांनी दोन पेले घेतले आणि बर्मातली एक हकिगत सांगितली. ती मी आधी पाच वेळा ऐकली होती, पण त्या दिवशी ती निम्म्या वेळात संपली आणि तिच्यात एक हत्ती वाढला. मग ते पलटणीचं चालण्याचं गाणं म्हणू लागले. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"अद्रकाची गर्मी हाय," हवालदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशीनं गाळलेला चोथा उकिरड्यावर टाकला. कंपनीनं तो खाल्ला. तासाभरात कोंबडा कुंपणावरून पडला, उठला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. कोंबड्या एका रेषेत चालू लागल्या, जे त्या हुकुमानं कधीच चालल्या नव्हत्या, आणि मग एकेक करून बाजूला कलल्या.

"लू लागली त्याईले," हवालदार म्हणाले आणि त्यांच्यावर पाणी शिंपडू लागले.

ते पुऱ्यातल्या पाचसहा माणसांनी पाहिलं. त्यात श्रावण होता. श्रावण कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, पंचविशीचा. त्याचा बाप दारूनं गेला होता आणि त्याच्या घरातलं मडकं हवालदारांनी सगळ्यांत आधी फोडलं होतं. तो हवालदारांना बापाच्या जागी मानायचा. म्हणूनच पुढचं त्याला अवघड गेलं असणार.

त्या रविवारी समाजमंदिरात वंदना झाली. मावशीबरोबर मीही जाऊन मागं बसले होते. पाच शीलं म्हणून झाली, लोक उठायला लागले, तेव्हा श्रावण उभा राहिला.

"हवालदारकाका, एक इचारू?"

"इचार."

"तुमी आमाले सोडाले लावली. आमी सोडली. आता लोक म्हनतात का हवालदाराच्या कोंबड्या झिंगून राह्यल्या. मी लोकाईले काय सांगू?"

मला वाटलं, हवालदार आता आवाज चढवणार. ते श्रावणकडे वळले.

"तुह्यं बराबर हाय," ते म्हणाले. "माह्या म्हनन्यावर काऊन इश्वास ठेवाव? तपासनी व्हाले पायजे. हायस्कुलात काचेचं सामान हाय. या बाई सायन्सच्या हायेत, त्या खोटं बोलत नाहीत. पुढच्या रविवारी सकायी तपासतीन. त्यात नशा निघाली तं मी इथंच, तुमच्या सगळ्याईसमोर उभा राहीन."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

तो आठवडा मला अजून आठवतो. नववीच्या फळ्यावर मी जे लिहीत होते ते हवालदारांना सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते मी आठ महिने सांगितलं नव्हतं. आधी खोलीसाठी गप्प राहिले, मग त्यांच्या उत्साहासाठी, आणि खरं सांगायचं तर पुढं पुढं मलाही त्या पेल्याची वाट पाहायची सवय झाली होती म्हणून.

शनिवारी हवालदार पाण्याला गेले असताना मावशी खोलीत आली. पलंगाच्या कडेवर बसली.

"बाई, त्यात हाय ना?"

"हो, मावशी."

"मले पहिल्या दिसापासून वाटे. थे हे आयकून मरतीन." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमच्या हातात हाय. नुसतं गुयाचं पानी तपासा. कोनाले समजनार हाय?"

मी रात्रभर विचार केला नाही. त्याच संध्याकाळी मी गूळ आणि अद्रक उकळून तशाच रंगाचं पाणी केलं, तशाच बाटलीत भरलं, तशीच सुतळी बांधली आणि शाळेत नेऊन ठेवलं.

हेडमास्तरांना प्रयोगशाळा आधीच मागितली होती, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी मी मलकापूरला माझ्या साडूकडे आहे. मला काही माहीत नाही. चावी खिळ्याला आहे."

रविवारी पुऱ्यातले आठदहा जण आले. श्रावण होता. मावशी दाराशी बसली. हवालदार पूर्ण खाकी गणवेशात, बिल्ले लावून आले आणि टेबलासमोर उभे राहिले. त्यांनी आपली बाटली टेबलावर ठेवली. मी स्पिरिटचा दिवा, फ्लास्क, गार पाण्याची नळी अशी जुळवाजुळव केली. काय करणार ते सगळ्यांना सांगितलं: हे तापवायचं, वाफ थंड करायची, पहिले थेंब बशीत घ्यायचे आणि काडी लावायची. पाणी असेल तर काडी विझेल. नशा असेल तर निळी जळेल. निळी ज्योत उजेडात दिसत नाही म्हणून श्रावणला खिडक्या लावायला सांगितल्या. लोक खिडक्यांकडे वळले तेवढ्यात मी हवालदारांची बाटली सरकवून टेबलामागं ठेवली आणि माझी पुढं घेतली. सुतळी सोडायला लागले.

हवालदार एक पाऊल पुढं आले. माझ्या कानाशी येईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा हात चुकला. ही गाठ माही नोहे."

मी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांना सगळं समजलं होतं. बाटली मी का बदलली हे समजलं, म्हणजे बाटलीत काय आहे हेही त्याच क्षणी समजलं. तरी त्यांनी हात लांब करून मागची बाटली उचलली, स्वतः गाठ सोडली आणि माझ्यापुढं ठेवली. खिडक्या लावून लोक परत वळले तेव्हा ते पुन्हा आपल्या जागी ताठ उभे होते. काय घडलं हे आम्हा दोघांशिवाय त्या खोलीत कुणाला कळलं नाही.

पहिले थेंब पडायला वेळ लागला. मी बशी पुढं ओढली. काडीपेटी श्रावणच्या हातात दिली, त्यानं काडी ओढली. बशीवर निळी ज्योत उठली, थोडी हलली, आणि शांतपणे जळत राहिली.

ज्योत विझेपर्यंत हवालदारांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाय. नशा हाय." आणि श्रावणकडे वळून, टाच टाचेला लावून, त्याला कडक सॅल्यूट केला. पोरगा रडायला लागला.

त्यांनी शब्द पाळला. तिथून थेट समाजमंदिरात गेले, उभे राहिले आणि सांगितलं की न कळत का होईना, शील मोडलं, दोष माझा. मग पाचही शीलं पुन्हा घेतली, लहान मुलासारखी, एकेक शब्द श्रावणच्या मागून म्हणत. घरी येऊन उरलेल्या सगळ्या बाटल्या त्यांनी एकेक करून मोरीत ओतल्या. ओतताना एकदाही तोंड फिरवलं नाही. कंपनीला मात्र आधी खुराड्यात कोंडलं.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढं जाऊन बसले.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हटलं.

ते बुटाला पॉलिश करत होते. हात थांबला. "मंग सांगतलं काऊन नाही?"

"खोली जाईल असं वाटलं."

"खोली कायले जाते?" ते म्हणाले. ब्रश पुन्हा उचलून म्हणाले, "बाई, मले बर्मात एका साहेबानं सांगतलं होतं का पुढं रस्ता साफ हाय. त्याले माहीत होतं, साफ नव्हता. तुमी मास्तरीन हा. ज्याले समजते त्यानं सांगाव लागते. मानूस नाराज झाला तं होऊ द्याव."

एवढंच बोलले. त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ नाराजी ओढवून घेतली आहे, हेडमास्तरांची, संस्थाचालकांची, एकदा तर नवऱ्याचीही. दर वेळी मला त्या पॉलिशच्या डबीचा वास आलाय.

मला वाटलं, बिअर आता संपली. आठवड्याभरात हवालदार माझ्या खोलीच्या दारात उभे.

"बाई, आता सायन्सनं सांगा. नशा खमिरानं येते ना?"

"हो."

"मंग खमीर बंद. फेस दुसऱ्या कायनं येते?"

या वेळी मी जे जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. फक्त रिठ्याचं मला सुचलं नव्हतं, ते त्यांना सुचलं. रिठ्याचा फेस पांढरा होतो आणि टिकतो, हे त्यांनी मावशीच्या केस धुण्याच्या भांड्यात पाहिलं. भाजलेल्या ज्वारीच्या काढ्यात त्यांनी रिठ्याचं पाणी घातलं. पेला असा सुंदर दिसत होता की मीही एक घेतला. त्यानंतरचे दोन दिवस हवालदार, मी आणि कौतुकानं प्यायला आलेला श्रावण, तिघांना परसाकडची वाट सुटली नाही. मावशीनं चाखलाच नव्हता. ती आम्हाला ताक आणून देत होती आणि या वेळी तिनं कपाळाला हात लावलाच.

शेवटी वाट सापडली ती स्टेशनसमोर. तिथं एक सोडावाले चाचा गोटीच्या बाटल्यांत यंत्रानं गॅस भरायचे. हवालदार हंडा घेऊन गेले. चाचांनी झाकण उचलून आत पाहिलं.

"हवालदार साब, ये काला पानी मेरी मशीन में नहीं जाएगा."

"चाचा, एक बाटली. मशीन बिघडली तं माही पेन्शन तुमची."

ज्वारी, गूळ, अद्रक, चिराईत, सगळं उकळून, तीनदा गाळून, गार करून भरलं. चाचांनी चाक फिरवलं, बाटली उलटी केली, गोटी वर जाऊन बसली. हवालदारांनी अंगठ्यानं गोटी दाबली. फेस उसळून वर आला आणि टिकला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटून उभे राहिले. आधी मला प्रयोगशाळेत नेऊन तपासायला लावलं. या वेळी खिडक्या उघड्या होत्या, हेडमास्तरही होते. काडी विझली. दोनदा, तीनदा विझली. मग श्रावणला दिली, मावशीला दिली. मावशी अख्खी बाटली प्याली आणि म्हणाली, "आता डाय नोको."

पुऱ्यातली लग्नं त्या पेयावर होऊ लागली. लोक त्याला 'हवालदारी' म्हणत. हवालदारांना ते आवडत नसे, ते आग्रहानं 'ज्वारीची बिअर, बिननशेची' असं पूर्ण नाव घेत. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं की बाजाराच्या दिवशी दुकान लावायचं.

मावशी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी भांडली. मला कारण समजायला वेळ लागला नाही. नांदुऱ्याचा बाजार मोठा, चहूकडच्या खेड्यांतली माणसं येत. त्यातली बरीच पुऱ्यातल्या माणसाला वाळू विकत, कडबा विकत, पण त्याच्या हातचं पाणी घेत नसत. बाजारात बसायचं आणि कोणी प्यायचं नाही, हे तिला बघायचं नव्हतं. हवालदार म्हणाले, "नाही पेले तं वापस आनू. मानसाईले तहान तं लागते ना?"

मी, श्रावण आणि मावशी, तिघंही गेलो. बाभळीखाली ओल्या पोत्यांत बाटल्या मांडल्या. हवालदार खाकीत, मागं हात बांधून उभे. दहा वाजले, अकरा वाजले. लोक बाटल्यांकडे बघत, रंग बघत, हवालदारांकडे बघत, आणि रसवंतीकडे जात. दोन शाळेच्या पोरांनी घेतल्या, त्या माझ्याकडे पाहून. मावशी पोत्यांवर पाणी शिंपडत होती, गरज नव्हती तरी. बारा वाजले तेव्हा ऊन असं पेटलं की रसवंतीचे बैलसुद्धा थांबले.

वडनेर भोलजीचा एक म्हातारा शेतकरी बैलजोडी विकायला आला होता. पागोटं, धोतर, पांढऱ्या मिशा. सावली बघून बाभळीखाली टेकला. "काय हाय हे?"

"ज्वारीची बिअर. बिननशेची," हवालदार म्हणाले.

"ज्वारीची?" म्हाताऱ्याला नवल वाटलं. "पाहू."

त्यानं एका दमात बाटली रिकामी केली. मिशांवर फेस लागला. त्यानं जिभेनं तो चाटला आणि थांबला. "गोडं पानी हाय. कडूही हाय. अन् अंगात थंड थंड जाऊन राह्यलं." मग बाटली हातात फिरवत विचारलं, "कोनाच्या हातची हाय?"

आमच्याकडे हा प्रश्न चवीपुरता नसतो. बाजूच्या कांदेवाल्यानं मान वळवली. गॅस चाचांच्या यंत्रानं भरला होता, हवालदारांना तेवढंच सांगता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. मावशीचा हात पोत्यावर थांबला.

हवालदारांनी मागं बांधलेले हात सोडून बाजूला घेतले. "माह्या हातची," ते म्हणाले. "बौद्धपुऱ्यातला हवालदार मी."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बिल्ल्यांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. कांदेवाल्याकडेही एकदा पाहिलं. मग रिकामी बाटली पुढं केली.

"मंग इतकी लहान बाटली काऊन भरता, बाप्पा? फोडा दुसरी."

हवालदारांनी दुसरी उचलली आणि गोटी दाबली. फेस उसळला, बाटलीच्या गळ्यावरून उतरला, त्यांच्या बोटांवरून मनगटापर्यंत आला. मावशीनं पदर पुढं केला. त्यांनी घेतला नाही. तसाच ओला हात पुढं करून त्यांनी म्हाताऱ्याला बाटली दिली.